चोवीस चॉकलेटं आणि एक उतारशाळा

स्टुटगार्टच्या एका आईचं पत्र आलंय. मूळची वडगाव शेरीची, नवरा तिकडे गाड्यांच्या कंपनीत, दोन मुलं, एक अकराचा नि एक सातची. काल गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चवरून परत येताना रिक्षात बसून वाचलं आणि घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी परत वाचलं. चार प्रश्न विचारलेत तिने, पण मी पहिल्यापाशीच अडकलेय, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या.

ती लिहिते, "ताई, पोरांना आगमनकाळ म्हणजे चोवीस चॉकलेटं एवढंच माहितीये. मी मराठी पवित्र शास्त्र (बायबल) काढलं की मोठा हेडफोन घालतो आणि धाकटी म्हणते आई तू वेगळ्याच आवाजात बोलतेस. शब्दच कळत नाहीत त्यांना. मग आता सरळ जर्मनमधूनच वाचावं का? हट्ट कशाला करायचा?"

अगं बाई, हट्ट करायचाच. पण तू जो करतेयस तो नाही.

आधी त्या चॉकलेटचं. नाताळपर्यंत रोज एक खिडकी उघडून चॉकलेट काढायचं ते कॅलेंडर दरवर्षी 1 डिसेंबरला सुरू होतं, पण आगमनाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये कधीही येतो, म्हणजे डब्याचा आणि चर्चचा हिशोब बहुतेक वर्षी जुळतच नाही. हे मोठ्याला सांग, अकरा वर्षांच्या पोराला कंपनीची चूक पकडायला फार आवडतं. आणि तू ज्या देशात राहतेस ना तिथलीच गोष्ट आहे, हॅम्बुर्गला 1839 साली योहान विखर्न गरीब मुलांचा आश्रम चालवायचे, तिथली पोरं रोज भुणभुण करायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, आणि रोज एक पेटवायची. म्हणजे वाट बघायला शिकवायचं म्हणून. तुमच्या गल्लीतल्या दुकानात जे चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र मिळतं ते तिथूनच आलं. ते आण, चॉकलेट पण राहू दे, मी काही राक्षस नाही.

आता वाचनाचं. मी स्वतः बर्मिंगहॅमला चौदा वर्षं काढली आणि पहिली पाच वर्षं नेमकी तुझीच चूक केली. अख्खा अध्याय वाचायचा, वर स्पष्टीकरण, वर प्रार्थना, आणि जेवण गार. एकदा बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा नववा अध्याय चालला होता, "अद्भुत मंत्री, समर्थ देव", तर माझा मुलगा म्हणाला, मम्मी हा कुठल्या पार्टीचा मंत्री? मी त्याला ओरडले. ह्यांनी हसू दाबलं आणि मी ह्यांनाही ओरडले. आज वाटतं की त्या पाच वर्षांतला पोराचा एकमेव खरा प्रश्न तो होता आणि मी त्याला गप्प बसवला.

म्हणून सांगते, रोज चारच वचनं, जेवायच्या आधी, मेणबत्ती लावून, मराठीतून, आणि अर्थ सांगायचा नाही. पोरं जिथे अडतील तिथे थांबायचं. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ, येशूच्या जन्माचा. बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. त्यांना बाळंतं माहीत नाही, गव्हाण माहीत नाही, उतारशाळा, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, तर तुलाही धड माहीत नसेल. तीच तर मजा आहे! मग मोठ्याला सांग आता हेच जर्मनमधून तू वाच. लूथरच्या जर्मन बायबलात त्या जागी 'हेरबेर्गे' आहे, आणि तो शाळेच्या सहलीला ज्या युगेंडहेरबेर्गेत, म्हणजे तरुणांच्या वसतिगृहात, राहून आला असेल तो शब्द तोच. गव्हाणीला 'क्रिप्पे', म्हणजे धाकटी जिथे पाळणाघरात जायची तेही क्रिप्पेच. त्याचे डोळे बघ मग. दोन्ही भाषा टेबलावर ठेवल्यास की मराठी ही आईची कटकट राहत नाही, कोडं होतं.

आणि अजून एक. लूकने मूळ ग्रीकमध्ये तिथे वापरलेला शब्द आहे कटालुमा, तोच त्याने पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरलाय, पाहुण्यांची खोली. वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या धर्मशाळेला मात्र त्याने दुसराच शब्द घेतलाय. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की धर्मशाळेच्या मालकाने हाकललं वगैरे नाही, नातेवाइकाचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि जनावरं बांधायची जागा त्याच घरात. माझ्या आजीचं घर नगरकडचं (आता अहिल्यानगर म्हणायचं), पुढच्या सोप्यातच गव्हाण, बैलाचा श्वास माजघरात ऐकू यायचा. लग्नघरात आम्ही सहा चुलत भावंडं त्या गव्हाणीशेजारीच झोपायचो. ही गोष्ट मी मुलाला सांगितली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, हेडफोन काढून म्हणाला, मग बैल चावायचा नाही का? झालं की आगमन-चिंतन!

येशूचे आईवडील योसेफ-मरिया नासरेथहून बेथलेहेमला गेले ते शिरगणतीत नावनिशी लिहायला, अंतर साधारण पुणे ते नगर एवढं, तेही दिवस भरत आलेल्या बाईने. आपण व्हिसाच्या रांगेत तीन तास उभं राहिलो की देवाला जाब विचारतो.

जर्मनमधूनच वाचू का म्हणतेस, तर पंडिता रमाबाईंकडे बघ. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, इंग्रजी उत्तम, त्यांना काय कमी होतं? तरी परत येऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसल्या, हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पूर्ण शास्त्र उतरवलं, मरणाच्या तोंडाशी 1922 मध्ये काम संपवलं. आपण पाच मिनिटांचं वाचन टाळायला बघतोय.

बाकीचे प्रश्न. नवरा रविवारी उपासनेला येत नाही, तर शिफ्ट असेल तर झोपू दे, शिफ्ट नसेल तर दुसरा रविवार मागून घे, भांडू नकोस. ऑफिसातल्या सगळ्यांना गिफ्ट द्यायचं का, नाही, कार्ड पुरे. आणि सासूबाई व्हिडिओवर रोज विचारतात करंज्या केल्या का चकल्या केल्या का, तर त्यांना गोड बोलून सांग, आई, तुमच्या हातची भाजणी पाठवा, मग करते. त्यांना बहुतेक तेवढंच ऐकायचंय. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवतील, फक्त डबा घट्ट लावायला सांग, आमची एकदा बॅगेत सांडली होती आणि माझ्या कोटाच्या खिशातून मार्चपर्यंत भाजणी निघत होती.