खानापूर-बेळगाव भागात राहून घरगुती एमपी३ प्लेअरचे सुटे भाग कुठून आणि कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की खानापूर तालुक्यात राहून मेमरी कार्डवरची भजनं, नाट्यगीतं वाजवणारा खिशातला प्लेअर घरी बनवायचा आहे, हेडफोन आणि छोटा स्पीकर दोन्ही हवेत, पण जवळपास मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांपलीकडे काही नाही. तेव्हा काय घ्यावं आणि कुठून?

आधी बॅटरी ठरवा. चार्जर, बोर्ड, पेटीचा आकार हे सगळं तिच्यामागून येतं. आणि ती तुमच्या गावातच मिळते: बीएल-५सी. जुन्या नोकियाची ही बॅटरी आजही बाजारातल्या कित्येक एफएम रेडिओंत आणि भजनाच्या डब्यांत असते, त्यामुळे मोबाईलच्या छोट्या दुकानातही सापडते. मूळ क्षमता १०२० मिलीअँपिअर-तास (एमएएच). स्वस्त नकलेत त्याहून बरीच कमी निघते, तरी हेडफोनवर ऐकायला पुरते. चांगल्या बीएल-५सीमध्ये संरक्षणाचं सर्किट आत असतं, हा तिचा मोठा फायदा. तिच्यावर तीन पट्ट्या असतात. ज्या दोन पट्ट्यांपाशी + आणि − छापलंय त्याच वापरा, मीटर लावून खात्री करा, तिसरी मोकळी सोडा. पट्ट्यांवर थेट सोल्डर मारू नका. बंद पडलेल्या एफएम डब्यातून स्प्रिंगच्या टोकांसकट बॅटरीचा खण काढून घ्या.

जास्त वेळ स्पीकर वाजवायचा असेल तर १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा गोल, लांबट लिथियम सेल) घ्या. पण ‘९९०० एमएएच’ छापलेला सेल हातातही धरू नका. या आकारात चांगल्या कंपनीचा नेहमीचा सेल २००० ते ३५०० पर्यंतच जातो. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. दुकानातच काट्यावर ठेवा, ३० ग्रॅमच्या आत आला तर परत करा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल चालतात, पण व्होल्टेज २ च्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायला जाऊ नका. आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो. सेलला होल्डर वापरा, किंवा ई-स्कूटरच्या बॅटऱ्या जोडणाऱ्याकडून स्पॉट वेल्डिंगने पट्टी लावून घ्या.

चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल. त्यात दोन प्रकार येतात. ज्यावर बॅटरीच्या बी+, बी− शिवाय प्लेअरकडे जाणारी आउट+, आउट− अशी वेगळी टोकं आणि दोन जादा चिप आहेत, तोच घ्या. सेल फार उतरला की तो पुरवठा तोडतो. मॉड्यूल येतं तेव्हा चार्जिंग १ अँपिअरवर बसवलेलं असतं. बीएल-५सीला हे जास्त होतं, बॅटरी तापते आणि फुगते. चिपजवळ ‘१२२’ लिहिलेला बारीक रेझिस्टर काढून ३.३ किलोओहमचा लावा, म्हणजे करंट साधारण ३५० मिलीअँपिअरवर येतो. टाइप-सी सॉकेटवाल्या स्वस्त मॉड्यूलवर अनेकदा ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ते चार्जच होत नाही. मॉड्यूल बिघडलंय असं समजून टाकू नका, साध्या यूएसबी चार्जरची केबल लावून बघा. आउट+ नंतर एक स्विच ठेवा आणि चार्जिंग करताना प्लेअर बंद ठेवा. वाजता वाजता चार्ज केलं की प्लेअरचा करंटही त्याच वाटेने जातो, आणि बॅटरी भरली हे चिपला कळत नाही.

आता वाजवणारा बोर्ड. स्क्रीन नको असेल तर डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरची एमपी३ वाजवणारा छोटा तयार बोर्ड) पुरेसा आहे, किंमत साधारण १०० ते २०० रुपये. तो ३.२ ते ५ व्होल्टवर चालतो, म्हणजे लिथियम सेलवर थेट. मध्ये व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल लागत नाही आणि त्याची शिट्टीही हेडफोनमध्ये येत नाही. मायक्रोकंट्रोलरही (प्रोग्रॅम भरायची चिप) लागत नाही. आयओ१ आणि आयओ२ या पायांपासून ग्राउंडकडे एकेक बटण लावा. थोडक्यात दाबलं की मागचं-पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज कमी-जास्त.

बोर्ड चांगला असूनही जोडणीत चुका होतात त्या ऑडिओच्या बाजूला. एसपीके१ आणि एसपीके२ ही स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यातलं एकही ग्राउंडला जोडू नका. जोडलं की बोर्डवरची अँप्लिफायरची चिप तापून जाते. त्यामुळे हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद करायला जॅकचा आतला स्विच इथे नीट जुळत नाही. स्पीकरच्या एका वायरमध्ये छोटा सरकता स्विच घालणं सोपं. स्पीकर ८ ओहमचा घ्या. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे जुन्या एलसीडीतले लांबट स्पीकर पडून असतात, तपासून घ्या, ते नव्या स्वस्त चिनी स्पीकरपेक्षा अनेकदा बरे वाजतात. ४ ओहमच्या स्पीकरवर तबल्याच्या जोरकस ठोक्याला व्होल्टेज कोसळतं आणि प्लेअर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बोर्डाच्या व्हीसीसी (पुरवठ्याचा + पाय) आणि ग्राउंडमध्ये अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलात की हा त्रास बराच कमी होतो.

हेडफोनसाठी डीएसी_आर आणि डीएसी_एल हे उजव्या-डाव्या आवाजाचे पाय घ्या, आणि प्रत्येकात २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, + टोक बोर्डाकडे. मोठा यासाठी, की ३२ ओहमच्या हेडफोनबरोबर १० मायक्रोफॅरड लावला तर ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज पडतो आणि तानपुऱ्याचा खर्ज, डग्गा फारच क्षीण होतात. शिवाय ४७ ते १०० ओहमचा एकेक रेझिस्टर मालिकेत घाला. सुरू होताना आवाज जवळपास पूर्ण असतो, रेझिस्टरमुळे कानाला तो झटका बसत नाही आणि मागची सरसरही दबते. गाण्यातला गायक गायब आणि नुसती साथ ऐकू येते असं झालं तर रेकॉर्डिंगला दोष देऊ नका, जॅकचं ग्राउंड सुटलेलं असतं. जॅक पायांवर बसणारा साधा घ्या. मोबाईलच्या पट्टीवरचा जॅक घरच्या सोल्डरिंगला दाद देत नाही.

आता कुठून? जॅक, स्विच, वायर, जुने स्पीकर, बीएल-५सी, सोल्डर आणि पेस्ट बेळगावात दुरुस्तीच्या आणि अँप्लिफायर बनवणाऱ्या दुकानांत हाताने बघून घ्या. तिथे ‘यूएसबी किट’ म्हणून रिमोटसह तयार पॅनेलही मिळतं. तुम्हाला टेबलावरचा डबाच करायचा असेल तर ते लवकर होईल, पण ५ व्होल्टचं मागा, १२ चं बॅटरीवर उपयोगाचं नाही. खिशातल्या प्लेअरला मात्र ते मोठं पडतं. डीएफप्लेअर, टीपी४०५६ यांची चौकशी उद्यमबागकडे, कॉलेजच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्यांकडे करा. नसलं तर पुण्याच्या किंवा बंगळूरच्या ऑनलाइन दुकानातून एकदम मागवा. एवढ्या सामानावर पोस्टेज वस्तूंइतकंच पडतं, म्हणून दोन-तीन मित्रांची ऑर्डर एकत्र करा आणि डीएफप्लेअर दोन घ्या. नकली चिपचे बोर्ड येतातच, त्यात एखादा सदोष निघाला तर काम अडत नाही. सुटे लिथियम सेल सहसा विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने यायला वेळ लागतो, म्हणून त्यांची ऑर्डर वेगळी ठेवा, नाहीतर सगळंच पार्सल अडकतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर स्पीड पोस्ट निवडा किंवा खानापुरातल्या ओळखीच्या पत्त्यावर मागवा.

गाण्याचं नाव दाखवणारी स्क्रीन हवीच असेल तर खर्च हजाराच्या पुढे जातो. लागतील ते असे: ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (ब्लूटूथ हेडफोनही हवे असतील तर साधा डब्ल्यूरूम-३२, त्याच्या एस३ आणि सी३ या प्रकारांत गाण्यांना लागणारं जुनं ब्लूटूथ नाही), पीसीएम५१०२ए डीएसी (डिजिटल गाण्याचा ऐकायचा सिग्नल करणारा बोर्ड) आणि ०.९६ इंची ओलेड स्क्रीन. ईएसपी३२च्या बोर्डवरचा रेग्युलेटर सुमारे १ व्होल्ट खातो, म्हणून ३.७ व्होल्ट थेट दिले तर बोर्ड सारखा रीसेट होतो. व्होल्टेज वाढवणाऱ्या एमटी३६०८ मॉड्यूलने ५ व्होल्ट करून द्या, पण बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून त्याचा स्क्रू फिरवा. तो अनेक फेरे फिरतो, आणि आधीच जोडून ठेवलं असेल तर जास्त व्होल्टेजने सगळं जळतं. कार्डाची कोणतीही तार ईएसपी३२च्या जीपीआयओ १२ या पायाला लावू नका, नाहीतर बोर्ड अनेकदा सुरूच होत नाही.

मेमरी कार्ड ८ किंवा १६ जीबीचं पुरे. डीएफप्लेअर ३२ जीबीपर्यंतच आणि एफएटी१६ किंवा एफएटी३२ फॉरमॅटच वाचतो. कार्ड आणल्यावर आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्रॅम चालवा, क्षमता खोटी असली तर तिथेच कळतं, नाहीतर शंभर अभंग भरल्यावर शेवटचे वाजत नाहीत. गाणी नावाच्या क्रमाने वाजत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजतात. म्हणून रिकामं कार्ड घेऊन फायली एकेक करून भरा. मॅकवरून भरत असाल तर लपलेल्या फायली पुसा, त्या गाणं म्हणून मोजल्या जातात. आणि तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेऊन, सगळं तपासून झाल्यावर बोर्डाच्या सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. कार्डाचा खण आणि जॅक मात्र सोडून.