कॉम्प्युटरमध्ये आठ जीबी रॅम टाकली, चारच दिसते?
अरे, लगेच नवीन रॅम आणायला धावू नकोस. आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) बघ. तिथे ८ जीबी दिसली तर घोळ विंडोजचा. ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर जाणारच नाही, ६४-बिट टाकावी लागेल. आधीच ६४-बिट असेल तर एमएसकॉन्फिग (विंडोजमधलंच सेटिंगचं टूल) उघड, मग बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढ.

बायोसमध्येही कमी? मग पॉवर केबल काढ, रॅमची स्टिक बाहेर घे. आमच्या ऐरोलीच्या खाडीकडच्या दमट हवेत स्टिकच्या कडेच्या सोनेरी पट्टीवर मळ धरतो. पोरांच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पूस, भुगा झटक, स्टिक परत स्लॉटमध्ये (तिच्या खाचेत) ठेवून खटका ‘टक’ वाजेपर्यंत दाब. माझं निम्मं काम इथेच संपतं. (भीत भीत दाबलेली रॅम अर्धवटच बसते!) तरीही नाहीच, तर एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघ, स्टिक गेलीय की स्लॉट, ते कळेल.