ओरांडासाठी टाकी केवढी, फिल्टर कोणता?

प्रश्न : दोन ओरांडा गोल्डफिश काचेच्या गोल भांड्यात ठेवलेत. पाणी दोन दिवसांत गढुळतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ते भांडं आजच बाजूला ठेवा. गोल्डफिश भरपूर घाण करतात. कमी पाण्यात अमोनिया झपाट्याने वाढतो आणि कल्ले जळतात. ३६ × १५ × १५ इंचांची टाकी घ्या. काठोकाठ भरली तर साधारण १३० लिटर पाणी मावतं, दोघांना पुरतं. उंच, अरुंद टाकी नको. हवेला पृष्ठभाग मोठा लागतो, सांगलीच्या उन्हाळ्यात तर फारच.

एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर दोन टोकांना लावा. जोरदार पॉवर फिल्टर घेऊ नका, जड अंगाचे हे मासे प्रवाहात दमतात. स्पंज मात्र नळाखाली कधीही धुऊ नका! क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाणी पुन्हा बिघडतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाणं अगदी कमी, आणि दर दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढून.