हेगेलच्या ‘आउफहेबुंग’चा नेमका अर्थ काय: मोडणं की जपणं?

तुम्ही विचारलंय की एका पुस्तकात या शब्दाला ‘रद्द करणे’ म्हटलंय आणि दुसऱ्यात ‘जतन करणे’, तर खरं कोणतं? दोन्ही. हा अनुवादकांचा घोळ नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने हा शब्द धरला तोच त्याच्या या दुहेरी अर्थामुळे.

जर्मन शिकताना मला हा शब्द रोजच्या बोलण्यात आधी भेटला, तत्त्वज्ञानात नंतर. ‘आउफहेबुंग’चं क्रियापद ‘आउफहेबेन’, म्हणजे उचलणे. खाली पडलेली पेन्सिल उचलायला हेच क्रियापद. उशिरा येणाऱ्यासाठी केकचा तुकडा काढून ठेवला तरी हेच. आणि वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल रद्द केला तरीही हेच. आपणही ‘चार लाडू उचलून ठेव’ म्हणतो ते राहावेत म्हणून, आणि ‘बंदी उठवली’ म्हणतो ती संपली म्हणून. फक्त आपल्याला दोन क्रियापदं लागतात, जर्मनचं एकात भागतं.

हेगेलच्या ‘लॉजिक’ या ग्रंथाच्या (पहिला भाग १८१२) पहिल्याच प्रकरणात या शब्दावर स्वतंत्र टीप आहे. तिच्या आधी हेगेल निव्वळ ‘असणं’ घेतो: रंग नाही, आकार नाही, कसलाच गुण नाही. मग ते ‘नसण्या’पासून वेगळं ओळखायचं कसं? नाही ओळखता येत. दोन्ही एकमेकांत उलटत राहतात, आणि ती उलथापालथ म्हणजेच ‘होणं’. आता असणं-नसणं स्वतंत्र उरलेली नाहीत, पण गेलेलीही नाहीत. ‘होण्या’चे घटक म्हणून ती आत आहेत. ही झाली आउफहेबुंग.

बरेच जण इथे दूध-दह्याचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही, कारण विरजण बाहेरून येतं. हेगेलला भेग आतूनच पडायला हवी असते. त्यापेक्षा हे पाहा: वडील सांगतील त्याच्या बरोब्बर उलट वागणारा पोरगा वडिलांच्याच तालावर नाचत असतो. त्याचं बंड त्यांच्या हुकमावाचून उभंच राहत नाही. हे ज्या दिवशी त्याच्या ध्यानात येतं, त्या दिवशी आज्ञाही सुटते आणि बंडही. वडिलांचं एखादं सांगणं तो पुढेही पाळतो, पण आता स्वतःला पटलं म्हणून.

(वाद-प्रतिवाद-संवाद, म्हणजे थीसिस-अँटिथीसिस-सिंथेसिस, ही त्रिसूत्री मात्र हेगेलच्या नावावर खपवू नका. ती मांडणी फिश्टे या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाची.)

वापरताना संदर्भ बघा. यासाठी इंग्रजीत वापरतात तो ‘सब्लेशन’ शब्द कोणी घरी बोलत नाही, त्यामुळे तो काही उजेड पाडत नाही. मराठीत ‘निरास’ म्हटलं तर जपणं निसटतं, ‘उन्नयन’ म्हटलं तर मोडणं. म्हणून हेगेलबद्दल लिहिताना मी मूळ शब्दच ठेवतो. मार्क्स-एंगेल्सच्या १८४८च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात खासगी मालमत्तेची ‘आउफहेबुंग’ आहे. तिथे मी बिनदिक्कत ‘रद्द करणे’ लिहीन. त्या मालकीच्या काळात वाढलेली उत्पादनशक्ती त्यांना हवी होती, मालकी काही लाडवासारखी उचलून ठेवायची नव्हती.