जनरलसाहेबांचं आकाश

सप्रेम आशीर्वाद.

ताऱ्यांच्या निरीक्षणांवरचं तुझं टिपण वाचलं. सिद्धान्त पहिल्याच पानावर, नोंदी मात्र शेवटी, त्याही निवडक. म्हणून आल्फ्रेड विल्क्स ड्रेसनबद्दल लिहितो आहे.

हा व्हिक्टोरियन इंग्लंडमधला तोफखान्याचा अधिकारी, पुढे मेजर जनरल. दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारीवर त्यानं लिहिलं, मुलांसाठी साहसकथा लिहिल्या, व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ आणि बिलियर्ड्स यांवरसुद्धा पुस्तकं काढली. वुलिचच्या लष्करी अकादमीत तो सर्वेक्षण शिकवायचा. म्हणजे कोन मोजण्यात हात पक्का.

तरीही फसला. पृथ्वीच्या आसाचा कल दर शतकाला सुमारे ४७ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कमी होतोय, इथवर सगळं ठीक. ड्रेसननं मोजक्या शतकांच्या आकड्यांवर एक वर्तुळ बसवलं आणि ते हजारो वर्षं मागं ताणलं. कल निघाला ३५ अंशांच्या पुढं! उत्तर ध्रुववृत्त थेट इंग्लंडात उतरलं, हिमयुगाचं कोडं सुटलं आणि १८७३ मध्ये पुस्तकही आलं. प्रत्यक्षात ग्रहांच्या ओढीमुळं हा कल साधारण २२ ते २४.५ अंशांमध्येच झुलतो. त्याच्याकडं नुसती भूमिती होती. ओढ कुणाची, किती, हा प्रश्न त्यानं घेतलाच नाही.

उतारवयात साउथसीला त्याला एक तरुण डॉक्टर मित्र भेटला, आर्थर कॉनन डॉयल. त्यानं १८९० मध्ये आपला कथासंग्रह ड्रेसनला अर्पण केला, तोही खगोलशास्त्रातल्या त्याच्या अजून मान्यता न मिळालेल्या थोर सेवेचा गौरव करून. असे मित्र जरा जपूनच करावेत. मी तुझा तसा मित्र होणार नाही.

त्याच काळातला दुसरा लष्करी माणूस पुण्यातला: बॉम्बे इंजिनिअर्सचा विल्यम जेकब. १८४२ मध्ये त्यानं पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांची, म्हणजे जोडीनं दिसणाऱ्या ताऱ्यांची, मापं घेत बसला. पुढं मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५५ मध्ये, भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडताऱ्यापाशी ग्रह असावा असं त्यानं मांडलं. तोही चुकलाच. पण त्याची मोजमापं छापील होती, त्यामुळं पुढच्यांना दावा तपासता आला, खोडता आला. जोडताऱ्यांची त्याची यादी मात्र उरली. १८६२ मध्ये पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारायला तो विलायतेहून परतला आणि पोचताच वारला.

तेव्हा पुढच्या खेपेला नुसती वही पाठव. तारीख, वेळ, तुलनेला घेतलेले तारे, ढगाळ रात्री, आणि तुझ्या आलेखात न बसलेले सगळे ठिपके. आलेख मी माझा काढीन, तुझा न बघता.