वाचक विचारतात : हेडलाइटला रिले

प्रश्न : गाडी जुनी, बल्ब एच4 (अप्पर-डिपर दोन्हींचा एकच बल्ब). पावसात ताम्हिणी घाटात उजेड पुरत नाही. नाना पेठेत 100/90 वॉटचे बल्ब सुचवले, मेकॅनिक म्हणतो रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाका. काय करावे? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बल्ब घ्यायला जाण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन आणि लाइट चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या होल्डरमागे मोजा. होल्डर बल्बला लावलेलाच ठेवा. काढून मोजलेत तर भार नसल्याने तोटा दिसणारच नाही. समजा बॅटरीवर 13.8 आणि होल्डरवर 12.3 आले, तर दीड व्होल्ट वाटेत गेले. ऐकायला किरकोळ वाटते, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. इथे सुमारे एक तृतीयांश उजेड गेला! अशा वायरिंगवर 100/90 लावले की करंट वाढतो, तोटाही वाढतो आणि स्टिअरिंगखालचा स्विच, होल्डर वितळू लागतात. रिफ्लेक्टर काळवंडतो तो वेगळाच. 60/55 वॉटचेच ठेवा आणि रिले टाका.

सामान : 12 व्होल्ट, 30 अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले (डिपरला म्हणजे जवळच्या झोताला एक, अप्परला म्हणजे लांबच्या झोताला एक), 15 अँपिअरचे दोन फ्यूज होल्डरसह, सिरॅमिक होल्डर, आणि तांब्याची वायर : बॅटरी ते रिले 2.5 चौरस मिमी, पुढे प्रत्येक बल्बला 1.5, रिलेच्या कॉइलला (पिना 85, 86) 0.75.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडा. पॉझिटिव्हवरून फ्यूजमधून रिलेच्या पिन 30 वर या (पिनांचे आकडे रिलेवरच असतात). फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या आधीच्या वायरला काहीच संरक्षण नसते. 87 वरून दोन्ही बल्बना. जुन्या होल्डरमधली वायर 86 वर, 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. आता स्विचमधून दर रिलेमागे फक्त 150-200 मिलिअँपिअर जातात. बल्बच्या अर्थची वायरही नवी टाका. बॉडीवरचा रंग खरवडून थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडे) बोल्टने आवळा, वर पेट्रोलियम जेली. निम्म्या तक्रारी या अर्थपाशीच अडतात. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी आत साचते. फ्यूज सगळ्यात शेवटी.

पुन्हा मोजा. तोटा 0.4 व्होल्टच्या आत आला की काम नीट झाले. मग बीम लावून घ्या : 10 मीटरवरच्या भिंतीवर डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंमी खाली.

प्रश्न : तयार हार्नेस (रिले आणि वायरचा जोडलेला संच) लावला. लाइट लावताच फ्यूज उडतो. – एक वाचक, हडपसर

उत्तर : गाडी जपानी घडणीची आहे का? अशा बऱ्याच गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. मूळ होल्डर काढून, लाइट लावून, मल्टिमीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. अप्पर-डिपर दोन्हींची सामाईक पिन 12 व्होल्ट दाखवत असेल तर शंका खरी. तुमच्या हार्नेसने तीच पिन बॉडीला अर्थ केली आहे, म्हणजे सरळ शॉर्ट. दोन्ही रिलेंचे 85 बॉडीवरून सोडवा. सामाईक पॉझिटिव्ह दोन्ही 86 ना द्या, आणि 85 ना डिपर व अप्परच्या वायर स्वतंत्रपणे. रिलेत डायोड असेल तर त्याच्यावरचे चित्र पाहून पोलॅरिटी पाळा, उलटी लागली की डायोड जळतो.

प्रश्न : स्विच बंद केला तरी लाइट चालूच राहतात. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : स्विच लावल्यावर विझतात का? तर पाच पिनांचा रिले आहे आणि वायर 87 ऐवजी मधल्या 87ए वर गेली आहे. दोन्ही स्थितींत पेटलेलेच राहत असतील तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, रिले बदला.