बाबांचे कर्ज, मुलाचा चेक

पत्र उत्तर गोव्यातल्या एका तरुणाचे आहे. वय एकोणतीस, स्वतःचे हार्डवेअरचे दुकान, लग्न झालेले. वडील दोनदा सरपंच होते, पुढे जिल्हा पंचायतीवर गेले, आता विधानसभेची तयारी करत आहेत. 2023 मध्ये वडिलांनी एका ओळखीच्या माणसाकडून राजकारणाच्या खर्चासाठी 12 लाख रुपये रोख घेतले. वडिलांचे नाव कागदावर नको म्हणून मुलाने आपल्या खात्याचा कोरा चेक सही करून दिला. नंतर त्याने स्वतःच्या खात्यातून दोन हप्त्यांत 5 लाख फेडले. तरी त्या माणसाने चेकवर पूर्ण 12 लाखांचा आकडा घातला. चेक परत आला. वकिलाची नोटीस चवथीच्या आठवड्यात आली, पोस्टमनकडे सही करून घेतली आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान ठेवलेल्या फळीवर तशीच राहिली. आता म्हापशाच्या न्यायालयाचे समन्स आले आहे.

सरपंचाची मुलगी, आमदाराचा पुतण्या, नगरसेवकाचा जावई. गावाचे नाव बदलले की हेच पत्र पुन्हा येते. सही केल्याचे तुम्ही मान्य करता, तेव्हा चेक परत गेला तर काय होते हे सांगण्यात जागा घालवत नाही.

तुमच्या चार पानांपैकी साडेतीन पाने बाबांचे विरोधक, त्यांचे डाव आणि गावातले गट यांवर आहेत. शेवटी एका ओळीत लिहिले आहे, ‘त्याने पाच मिळाल्याचा व्हॉट्सॲपही केला होता.’ तुमचा खटला त्या ओळीत आहे.

चेक न वटणे गुन्हा ठरवणारे परक्राम्य संलेख कायद्याचे कलम 138 लागू व्हायला चेकवरची रक्कम कायद्याने वसूल होण्याजोगे देणे असावे लागते, आणि ते चेक बँकेत टाकला त्या दिवशी. चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल तर चेक घेणाऱ्याने ती भरणा म्हणून चेकवर नोंदवून उरलेल्यापुरताच तो वटवायला टाकायचा असतो. तशी नोंद न करता पूर्ण आकड्याचा चेक टाकला आणि तो परत आला, तर 138 चा गुन्हा बनत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केले. तिथेही चेक तारण म्हणूनच दिलेला होता आणि काही पैसे मधल्या काळात परत गेले होते. तुमचे देणे त्या दिवशी 7 लाखांचे होते, चेक 12 चा टाकला गेला. तुमच्या बाजूने इतके भक्कम दुसरे काहीही नाही.

समोरचा वकील यावर दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ते 5 लाख वेगळ्या व्यवहाराचे किंवा व्याजाचे होते. दुसरी, चेक जुना नाहीच, तो यंदाच दिला. पहिलीला उत्तर तुमच्या खात्याचा उतारा आणि तो व्हॉट्सॲप. ‘पाच पोचले, बाकी सात कधी’ असे काही त्याने लिहिले असेल तर त्याच्याच शब्दांत देण्याचा हिशेब झाला. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, नवा घेतला असेल तर जुना कपाटात ठेवा. नुसता स्क्रीनशॉट छापून दिला तर हरकत येईल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते, ते वकिलाकडून आधीच तयार करून घ्या.

दुसरीला उत्तर तुमच्या चेकबुकात आहे. वादातला चेक क्रमांक बघा. मग बँकेत जाऊन त्याच बुकातले त्याच्या आधीचे आणि नंतरचे क्रमांक कधी वटले ते काढा. समजा नंतरचे चार चेक तुम्ही 2023 मध्येच दुकानाच्या मालासाठी दिले आणि ते वटलेही, तर मधलाच एक यंदापर्यंत बुकात पडून होता हे कोणालाही पटवणे कठीण. चेकबुकाचा अर्धा भाग, जिथे आपण पेनाने नाव आणि तारीख लिहितो, तो असेल तर शोधा. म्हापशाला अशाच एका खटल्यात अडीच वर्षे चाललेली उलटतपासणी त्या अर्ध्या भागापाशी येऊन थांबलेली मी पाहिली आहे.

या कामाला उशीर चालणार नाही. न्यायाधीश तुम्हाला गुन्हा कबूल आहे का विचारतील, तुम्ही नाही म्हणाल. तिथून पुढे तक्रारदार परक्राम्य संलेख कायद्याच्याच कलम 143ए खाली चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागू शकतो. तुमच्या बाबतीत ती 2 लाख 40 हजारांपर्यंत जाते आणि साठ दिवसांत भरावी लागते. ती देणे न्यायालयाला सक्तीचे नाही. बचावात प्रथमदर्शनी दम आहे का हे आधी पाहायचे, असे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण पाहण्यासाठी समोर काही असायला हवे. ‘पुढच्या तारखेला दाखल करतो’ म्हणणाऱ्याच्या समोर काहीच नसते.

नोटिशीबद्दल मात्र मला तुमचा राग आला आहे. पंधरा दिवस होते. 5 लाखांचा उतारा जोडून एक पानी उत्तर गेले असते तर समोरच्या वकिलाने बहुधा तक्रारच वेगळी लिहिली असती, किंवा लिहिलीच नसती. सप्टेंबर 2025 मध्ये गोव्यातूनच गेलेल्या एका चेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नोटिशीला उत्तर न देण्यातून तक्रारदाराच्या म्हणण्यात तथ्य असल्याचा अर्थ निघू शकतो. याने तुमचा बचाव संपत नाही, पण साक्षीला उभे राहाल तेव्हा हा प्रश्न पहिला येईल. ‘बाबांचे नाव आहे, कोण काय करणार’ असे घरात कोणी म्हणाले असावे. जो म्हणाला त्याच्या नावावर समन्स नाही.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात. कर्ज बाबांचे, मग मी कसा आरोपी? वडील हयात असताना त्यांच्या कर्जाला मुलगा बांधील नसतो, हे खरे. इथल्या वारसा कायद्यातही वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. पण 138 मध्ये ‘कर्ज किंवा अन्य देणे’ असे शब्द आहेत, आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी दिलेला चेकही त्यात येतो हे 2002 पासून ठरलेले आहे. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यानंतर 1973 मध्ये त्यांची मुलगी शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या तेव्हापासून गोव्याला नेत्यांच्या मुलांकडे वारस म्हणून बघायची सवय आहे. न्यायालय तुमच्याकडे खातेदार म्हणून बघेल.

कोरा होता, शाई वेगळी आहे, यावर भिस्त ठेवू नका. सही करून दिलेला कोरा चेक भरण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. रोख व्यवहार बेकायदा होता, हेही चालणार नाही. 20 हजारांवरच्या रोख कर्जाबद्दल आयकर दंड करील, पण तेवढ्याने देणे बुडत नाही, असे त्याच 2025 च्या निकालात आहे. तो माणूस विनापरवाना सावकारी करतो असे तुम्ही लिहिता. गोव्यात 2001 चा सावकारी कायदा आहे, पण हा त्याचा नेहमीचा धंदा आहे हे दाखवावे लागेल. पुरावा असेल तर बघू.

तुमच्या खटल्यामुळे बाबांची उमेदवारी जात नाही. तुम्हाला स्वतःला कधी उभे राहायचे असेल तर लक्षात ठेवा, 138 ची कमाल शिक्षा दोन वर्षे आहे आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यातली अपात्रता अशा गुन्ह्यांसाठी दोन वर्षांच्या शिक्षेपासूनच सुरू होते. पूर्ण शिक्षा क्वचितच होते, तरी तो धोका कागदावर आहे.

घर बायकोच्या नावावर करू का, हा प्रश्न मनातून काढून टाका. आपल्याकडच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत लग्न झाले असेल तर अर्धे आधीच तिचे आहे, आणि उरलेले आत्ता हलवले तर घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी केले असेच दिसेल. लग्नाची नोंदणी कशी झाली ते पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगता येत नाही.

बाबांनी त्या माणसाला फोन करू नये, पोलीस ठाण्यातही कोणाला सांगू नये. साक्षीदारावर दबाव आणल्याचा एक अर्ज पडला तर बँकेचा उतारा बाजूला राहील.

खटला जिंकलात तरी 7 लाख कोणाचे तरी देणे आहे, आणि ते बाबांचे आहे. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा येऊ शकतो; मुदत संपली का हे तारखा पाहून ठरेल. म्हणून माझे मत असे की उतारा दाखल करा आणि त्याच दिवशी 7 लाखांवर तडजोडीची तयारी कळवा. बचावाचा पुरावा नोंदवला जाण्याआधी तडजोड झाली तर जादा खर्च न लावता ती मान्य करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले आहे. नंतर टक्केवारी सुरू होते. असा खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असे कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात किती वर्षे लागतात ते म्हापशाच्या न्यायालयाच्या जिन्यावर बसलेल्या कोणालाही विचारा. तोवर दर तारखेला दुकान बंद ठेवणार तुम्ही.

पहिली तारीख चुकवू नका. गुन्हा जामीनपात्र आहे, हजर राहून जामीन मिळतो. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघेल आणि पोलिसांची गाडी निवडणुकीच्या तोंडावर तुमच्या अंगणात उभी राहील. सोमवारी बँक उघडल्यावर 2023 पासूनचा शिक्क्याचा उतारा मागा, वटलेल्या चेकच्या क्रमांकांसकट. तो हातात आला की जुना फोन घेऊन वकिलाकडे जा.